भिगवणच्या बोटीसाठी दुर्बीण : तयारी कुठवर आली

उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब (हिवाळी पाहुणे हंस) उतरायच्या आत दोन्ही दुर्बिणींचा बंदोबस्त करायचा, असं पावसाळ्यातच ठरवलं होतं. बरंचसं उरकलंय.

जुनी ७×५० (सातपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिमीचं) पोरो, म्हणजे जुन्या धाटणीची वाकड्या नळ्यांची दुर्बीण, बोटीवर न्यायची नाही, हे आता पक्कं. मधलं चाक फिरवलं की दोन्ही आयपीस (डोळ्यांकडची भिंगं) मागेपुढे सरकतात, आणि दर वेळी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. फटींना बाहेरून सिलिकॉन थापायचा सल्ला एका मित्रानं दिला. नको! आत आधीच असलेली ओल त्यानं कोंडून राहील आणि बुरशीचं फावेल. बुरशीनं काचेवरचा लेप एकदा खाल्ला, की पुसून काही उपयोग नाही. ही पाषाण तलावाच्या काठावरच बरी.

बोटीसाठी दुसरी, ८×४२. सांध्यांत ओ-रिंगा (रबरी कड्या), आत नायट्रोजन वायू, आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. नायट्रोजनमुळे आतून वाफ धरत नाही. पहाटेच्या गारठ्यात आपल्याच श्वासानं आयपीस धुरकटायचा तो धुरकटतोच. आणि वॉटरप्रूफ असली तरी ती बुडतेच, म्हणून फोमचा तरंगता पट्टा घेतला. त्याची परीक्षा बादलीत: दुर्बिणीच्या वजनाइतकी, सातशे ग्रॅम वाळू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पट्ट्याला लटकवली. पट्टा अर्धाअधिक बुडाला, पण तरंगला. दुर्बीण त्याच वजनाच्या वाळूपेक्षा जास्त पाणी बाजूला सारते, त्यामुळे वाळू पेलली तर दुर्बीण नक्कीच पेलेल.

घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग नळाची बारीक धार, कापड सगळ्यात शेवटी. सुकलेल्या गाळावर थेट मायक्रोफायबर फिरवणं म्हणजे काचेला पॉलिश पेपर मारणं. कोकणात नेली तर गोड्या पाण्यानं धुणं त्याच दिवशी, मीठ सुकायच्या आत. हे लाड फक्त ८×४२चे; पोरोला नळ दाखवायचा नाही.

दोघींचा मुक्काम रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सोबत ओल शोषणारे नारंगी सिलिका जेलचे दाणे आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवतो. दाणे हिरवे पडले की तापवून परत वापरता येतात, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात नको.

आयपीसचं रबरी झाकण पट्ट्यात ओवायचं राहिलंय. पुढच्या भिंगांची झाकणं घरीच ठेवणार. बोटीत वाऱ्यानं उडून नेमकी पक्ष्याच्या आड येतात.