जर्मन शेअरमालकीचं इंग्रजी : आधी कंपनी बघा, मग शब्द

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांत जर्मन मूळ कंपनीची कागदपत्रं इंग्रजीत करून ऑडिटरला द्यायचं काम नेहमी निघतं. शेअरमालकीची पानं समोर आली की डिक्शनरी उघडण्याआधी कंपनीच्या नावाचं शेपूट बघा : एजी (AG, आपल्या पब्लिक लिमिटेडसारखी), जीएमबीएच (GmbH, प्रायव्हेट लिमिटेडसारखी) की केजी (KG, भागीदारी)? शब्द त्यावर ठरतो.

एजीत मालकीचा हिस्सा म्हणजे ‘आक्त्सिए’. त्याचं ‘शेअर’ बिनधास्त करा. भांडवल ‘ग्रुंडकापिटाल’, किमान 50,000 युरो. जीएमबीएचमध्ये हिस्सा ‘गेशेफ्ट्सआनटाइल’, भांडवल ‘श्टामकापिटाल’, किमान 25,000 युरो. इथेही ‘शेअर’ चालतं, पण ‘स्टॉक’ लिहू नका. हा हिस्सा शेअर बाजारात विकता येत नाही, हस्तांतराला नोटरीसमोर दस्त करावा लागतो. ‘स्टॉक’ वाचणारा डीमॅट शोधत बसेल. हिस्सेदाराला ‘गेझेलशाफ्टर’ म्हणतात. जीएमबीएचमध्ये तो शेअरहोल्डर, केजीमध्ये मात्र पार्टनर.

‘श्टाम’ या अक्षरांना नीट जपा. एजीची ‘श्टामआक्त्सिए’ म्हणजे ऑर्डिनरी शेअर, म्हणून ‘श्टामकापिटाल’चं ‘ऑर्डिनरी कॅपिटल’ केलेलं दिसतं. ते चूक. ग्रुंड असो वा श्टाम, दोन्हींचं इंग्रजी ‘शेअर कॅपिटल’.

खरी मेख ‘फोरत्सूग्सआक्त्सिए’त आहे. इंग्रजीत ‘प्रेफरन्स शेअर’ बरोबरच, पण आपल्या 2013 च्या कंपनी कायद्यानुसार प्रेफरन्स शेअर परत फेडावेच लागतात, सर्वसाधारणपणे 20 वर्षांच्या आत. ठाण्यातला सीए तेच गृहीत धरून त्याला कर्जासारखं बघणार. जर्मन प्रेफरन्स शेअरला सहसा फेडीची तारीख नसते. बहुधा मताचा हक्क नसतो, त्याबदल्यात लाभांशात थोडं झुकतं माप. फोक्सवागनमध्ये हा फरक शेअरमागे 6 सेंट आहे. लाभांश थकला तर मताचा हक्क परत मिळू शकतो. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘नॉन-व्होटिंग, नॉन-रिडीमेबल’ हे कंपनीच्या मूळ सनदेशी (आर्टिकल्स ऑफ असोसिएशन) ताडून तळटीपेत लिहा. एवढ्या एका ओळीने पुढची पत्रापत्री वाचते.

‘बेटाइलिगुंग’ वाक्यात आलं तर ‘स्टेक’ पुरतं. ताळेबंदाच्या शीर्षकात आलं तर थांबा. तिथे संलग्न कंपन्यांतला हिस्सा स्वतंत्र ओळीत असतो आणि ‘बेटाइलिगुंगन’ ही त्याच्या खालची वेगळी ओळ असते. तिला ‘सबसिडिअरीज’ लिहिलंत तर आकडे दोनदा मोजल्यासारखे दिसतील. 20 टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा असला की जर्मन कायदा तिथे बेटाइलिगुंग आहे असं मानून चालतो.

‘श्पेरमिनोरिटेट’ म्हणजे ब्लॉकिंग मायनॉरिटी, ठराव अडवू शकणारा अल्प हिस्सा. सनद बदलायला सभेत हजर भांडवलाचं तीन-चतुर्थांश बहुमत लागतं, म्हणून अडवायला 25 टक्क्यांहून जरा जास्त हिस्सा पुरतो. फोक्सवागनला मात्र खास कायदा आहे, तिथे 20 टक्क्यांतच अडवता येतं.

शेवटी आकडे. जर्मन 1.250 म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे. टिंब हजारासाठी, स्वल्पविराम दशांशासाठी. ‘मिलियार्डे’ म्हणजे बिलियन, जर्मन ‘बिलिओन’ म्हणजे ट्रिलियन. लाख-कोटीत फिरवायचं असेल तर आधी पूर्ण आकडा शून्यांसकट लिहून काढा.