डाव्या हाताचा ज्ञ

शाळा पंधरा जूनला उघडायची, पण आमचं वर्ष चौदालाच सुरू व्हायचं. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, सगळे गुरुजी आणि बाई त्या दिवशी केंद्रशाळेत जमायचे. बहुतेक शाळा द्विशिक्षकी. एरवी भेट व्हायची ती शिक्षण परिषदेत, तीही कागदांच्या ढिगाआडून. शिक्षण हक्क कायद्याचं 27वं कलम आम्हाला पाठ होतं: जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला इतर कामं लावू नयेत. पाठ असून काय उपयोग, ते सोडा.

चौदाला मात्र केंद्रप्रमुखांचा दंडक असे. पोर्टल, माहिती, तांदळाचा हिशेब, यातलं काहीही ज्याच्या तोंडून निघेल त्यानं उखाणा घ्यायचा. 2015 मध्ये 'सरल' हे शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल आलं, त्याच्या पुढच्या जूनला इतके उखाणे झाले की एकमेकींच्या नवऱ्यांची नावं पाठ झाली.

बाहेर धो धो पाऊस, म्हणून खेळ पडवीतच. लगोरीला फुटक्या कौलांचे तुकडे, चेंडू चिंध्यांचा. निवृत्तीला आलेले एक गुरुजी वर्षभर कधी हसले नसतील. लगोरी लागली तशी त्यांनी अशी आरोळी ठोकली की भाकऱ्या थापणाऱ्या मावशी पळत बाहेर आल्या. मग फणसाची भाजी, भाकरी आणि जेवताना पुन्हा त्याच आरोळीच्या नकला.

पण मला आठवतो तो जेवणानंतरचा खेळ. केंद्रप्रमुखांनी पाटीपेन्सिली वाटल्या आणि सांगितलं, डाव्या हातानं बारा ओळी लिहा, वेळ पाच मिनिटं. सुरुवातीला सगळे खिदळत होते. मग सर आमच्यामध्ये फिरू लागले, अगदी आम्ही फिरतो तसे. "रेघ कुठे गेली?" "शेजारचीनं बघा किती लिहिलं." माझ्यापाशी थांबून म्हणाले, "बाई, लक्ष कुठे असतं?" वीस वर्षांची नोकरी झालेली मी, माझे कान तापले. ज्ञ काढायला गेले तर खेकडा झाला. मी चक्क पाटी हातानं झाकली.

आणि पाटी झाकताना चौथीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आला. तो वर्षभर वही अशीच झाकायचा. लपवाछपवी करतो म्हणून मी त्याला दोनदा पुढे बसवला होता.

सरांनी त्यावर भाषण केलं नाही, हे त्यांचे उपकारच. पाट्या गोळा करून त्यांनी भेंड्या सुरू केल्या. मी माझी पाटी तेवढी मागून घेतली आणि पदराखाली धरून पावसातून घरी नेली.

तो मुलगा तोवर पाचवीत गेला होता, पण वर्ग आमच्याच शाळेत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला पाटी दाखवली. त्यानं ती आडवी धरली, उभी धरली.

"ह्यो ज्ञ हाय?"

"हो. मी काढलाय."

"बाई, माज्यापेक्षा वायट हाय," म्हणाला, आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन शेजारी बसला.