पहिली पंधरा मिनिटं

शनिवार, १४ जून

मुलं सोमवारी येणार. आज शाळेत आम्ही शिक्षकच होतो. दुपारी ऑफिसात वेळापत्रकाची बैठक झाली. संपून चार तास झाले, तरी माझ्या डोक्यात ती चालूच आहे.

विषय होता वर्गशिक्षकाच्या पंधरा मिनिटांचा. मैदानावरचा परिपाठ आटोपला, राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष सगळं झालं, की मुलं रांगेनं वर्गात जातात. मग पहिल्या तासाच्या आधी पंधरा मिनिटं वर्गशिक्षक वर्गावर असतो. ती यंदापासून काढून टाकावीत, असं पुढे आलं. हजेरी काय, पहिल्या तासाला जो असेल तो मोबाइलवर दोन मिनिटांत भरेल. वाचलेला वेळ नववी-दहावीच्या गणित-विज्ञानाला द्यायचा.

गणिताच्या सरांनी हिशोब मांडला. वर्षाचे २२० दिवस धरले तर पंधरा-पंधरा मिनिटांचे ५५ तास होतात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या ९४ तासिका. हिशोब बरोबर आहे. भूमिती वेळेत पुरी होत नाही म्हणून सरांचा जीव कसा टांगणीला लागतो, ते मी दर डिसेंबरात पाहते. त्यांना उडवून लावण्यासारखं मी काही बोलू शकले नाही.

आणि आम्ही वर्गशिक्षक त्या पंधरा मिनिटांत करतो काय, तेही मला सांगावंच लागलं. आधारची झेरॉक्स कुणाची राहिली, पासबुकावर नाव चुकलंय कुणाचं, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सहलीचे पैसे. मान वर न करता मी कॅटलॉग भरलाय असे कितीतरी दिवस गेले. अशी पंधरा मिनिटं गेली तर मुलांचं काहीही अडणार नाही.

पण मागच्या वर्षीच्या माझ्या नववीतला एक मुलगा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको कोयत्यावर जातात आणि पोरं एक तर बरोबर जातात नाहीतर आजी-आजोबांपाशी राहतात. दिवाळीनंतर हजेरी घेताना मधली मधली नावं रिकामी जायला लागतात. हा मुलगा राहिला होता, आजीपाशी. एक दिवस चुकवला नाही त्यानं. कॅटलॉगमध्ये त्याच्या नावापुढे ओळीनं हजर, हजर, हजर.

स्टाफरूममध्ये मात्र त्याच्याबद्दल कुरकुर चालायची. इंग्रजीच्या मॅडम म्हणायच्या, पेंगतो. विज्ञानाचे सर म्हणायचे, वही कोरी असते. पीटीला तो झाडाखाली बसायचा. प्रत्येकाला तो पस्तीस मिनिटं दिसायचा आणि त्या पस्तीस मिनिटांपुरतं प्रत्येकाचं म्हणणं खरंच होतं.

त्या दिवसांत मी नावं घेऊन झाली की एकेका बाकाला काहीतरी साधं विचारायची. घरी कोण आलंय, काल लाईट होती का, डब्यात काय आणलं. तो रोज सांगायचा, "बेसन-भाकर." सलग चार-पाच दिवस तेच ऐकल्यावर मी त्याच्याकडे नीट पाहिलं. दप्तर चपटं होतं, डबा असेल असं वाटेना. मधल्या सुट्टीत वर्गाकडे चक्कर मारली तर हा एकटाच आत, डोकं बाकावर टेकून.

आजी पहाटेच दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. डबा करणारं घरात कुणी नव्हतं. आठवीपर्यंत ही अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते.

हे मला तेव्हा लखकन समजलं आणि त्यानंतर मी ते विसरू शकलेले नाही. पोषण आहार पहिली ते आठवी. मोफत पुस्तकं पहिली ते आठवी. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वयाचा. नववीच्या उंबऱ्यावर हे सगळे हात एकदम सुटतात. आणि अंगात रग येते, लाज येते, घरचं दारिद्र्य झाकायची अक्कल येते, तेही याच वयात. प्राथमिक शाळेत एकच गुरुजी दिवसभर मुलांबरोबर असतात, त्यांच्यापासून काय लपणार? आमच्याकडे दिवसाला सात-आठ शिक्षक वर्गात येतात नि जातात. पोरगं जितकं मोठं होतं, तितकं ते अख्खं कुणाला दिसत नाही. म्हणून हा वर्गशिक्षकाचा वेळ पाचवीपेक्षा नववी-दहावीलाच जास्त लागतो, असं माझं ठाम मत झालंय. आमच्या बैठकीत नेमकं उलटं चाललं होतं.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली भाकरी देऊ केली. त्यानं घेतली नाही. "भूक नाही मॅडम." मलाच वाईट वाटलं, सगळ्यांदेखत द्यायला नको होती. मग चार दिवस जाऊ दिले. एका सकाळी हजेरीनंतर वर्गाला म्हटलं, यापुढे मधल्या सुट्टीत बाकं मागे सारायची आणि पंगत बसवायची, सगळ्यांचे डबे मध्ये. मुली आधी तयार झाल्या, मुलं लाजत लाजत. कुणाचा डबा आहे, कुणाचा नाही, हे पंगतीत कळेनासं झालं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं कुठून तरी पेरू आणले, मीठ लावून सगळ्यांना वाटले.

आज हे सगळं मी बैठकीत सांगितलं नाही. मुलाची गोष्ट चारचौघांत कशी सांगायची? एवढंच म्हटलं, की हजेरी दोन मिनिटांत होते हे खरं, पण मोबाइलमध्ये मूल आलं एवढंच कळतं, कसं आलं ते कळत नाही. एका सरांनी विचारलं, त्यासाठी तक्रारपेटी आहे, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेची सखी सावित्री समिती आहे, मग? आहे ना. समितीवर मीही आहे, आणि ती असायलाच हवी. पण आमच्या पेटीत वर्षभरात एकच चिठ्ठी आली, नळाला पाणी नसल्याची. ज्या मुलीचं घरात लग्नाचं चाललंय ती चिठ्ठी लिहीत नाही. ती दोन दिवस आवाज खाली टाकून "येस मॅडम" म्हणते. तो आवाज कालचा कसा होता हे ठाऊक असणारं माणूस समोर लागतं, आणि ते रोज लागतं. आठवड्यातून एकदा एक तास समुपदेशनाचा ठेवू, अशीही सूचना आली. समुपदेशक मिळाला तर मला हवाच आहे. पण त्याच्याकडे कुणाला पाठवायचं, हे सकाळी पाहणाऱ्यालाच कळणार.

मुख्याध्यापक सर शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "मॅडम, लेखी द्या. सोमवारी परिपाठाच्या आधी बघू."

तर आता लिहायला बसले आहे. दोन गोष्टी मागणार. पंधरा मिनिटं राहू द्यावीत, आणि त्या वेळात कागदपत्रांचं एकही काम वर्गशिक्षकाकडे देऊ नये. फॉर्म, झेरॉक्स, पैसे सगळं शनिवारी शाळा सुटताना. गणिताच्या सरांसाठी दहावीचा शनिवारचा माझा मराठीचा तास मी सोडायला तयार आहे, हेही लिहिलंय. मराठीचं मी कुठेतरी भागवीन.

नवीन कॅटलॉग शेजारी पडलाय. नववीचा वर्ग माझ्याबरोबरच दहावीत चालला आहे. मुलींची नावं लिहून झाली, मुलांची निम्मी झाली. त्याचं नाव लिहिलं तेव्हा आठवलं, टोळ्या परत येऊन दोन महिने झाले, म्हणजे आई घरी असेल. सोमवारी डबा असेल. दिवाळीनंतरचं आत्ताच मनात धरून ठेवायला हवं.