मापाचा ब्लाउज

तुळशीचं लग्न लागलं की साताऱ्यातल्या आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. प्रत्येकीच्या पिशवीत नवा ब्लाउजपीस आणि त्यात गुंडाळलेला एक जुना ब्लाउज. ‘याच मापाचा शिवा, फक्त गळा जरा मोठा.’ लेडीज टेलरचा निम्मा धंदा या मापाच्या ब्लाउजवर चालतो आणि निम्मी भांडणंही त्याच्यावरूनच होतात.

अशाच गर्दीत एक निवृत्त शिक्षिका सुनेबरोबर आल्या. वय सत्तरीच्या पुढे. नातीचं लग्न तोंडावर आलेलं. आल्या आल्या त्यांनी तीन कोरे ब्लाउज टेबलावर टाकले. तीन टेलरांनी शिवलेले आणि तिन्ही बिघडलेले. मागून वर चढतात, पुढे गळ्याला झोळ येतो, उजवा खांदा सारखा घसरतो. “कुणाला म्हणून शिवता येत नाही आता,” बाई म्हणाल्या आणि मापाचा ब्लाउज पुढे केला. रंग विटलेला, पण कटोरीची शिवण इतकी सुबक की ज्याने शिवला त्याला हात जोडावेत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा तो.

माझी सवय अशी की मापाचा ब्लाउज आधी उलटा करायचा. बाहेरून टेलर दिसतो, आतून अंगावर घालणारी. दोन्ही कुशींची माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, उसवून संपवलेली होती. उजव्या खांद्याला आतून एक चिमटा, हातशिलाईने घातलेला, डाव्याला नाही. काम टेलरचं नव्हतं, बाईंचं स्वतःचं होतं. तिन्ही टेलरांनी ब्लाउज मधोमध दुमडला, अर्ध्याचं माप घेतलं आणि कापड दुहेरी घालून बेतलं. आम्ही सगळे असंच बेततो. पण दुमडताना उजव्या-डाव्यातला फरक गेला तो गेलाच.

“बाई, अंगावर माप घेऊ द्या.”

“अगं, ब्लाउज दिलाय ना? माझं माप काही बदललेलं नाही.”

“आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? मणके दबलेत, उंची कमी झालीय,” सून म्हणाली. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प बसली.

शेवटी उभ्या राहिल्या, पण श्वास रोखून, पाठ ताठ करून. टेप दिसला की सगळ्याच अशा उभ्या राहतात आणि त्या मापाचा कपडा घरी गेल्यावर कुणालाच बसत नाही. मी टेप गळ्यात टाकला आणि शाळेतल्या पटसंख्येचा विषय काढला. बाई बोलायला लागल्या, तशी पाठ हळूहळू आपल्या जागी आली. मग मापं घेतली. एरवी बाईमाणसाची पुढची उंची मागच्यापेक्षा थोडी जास्त धरतात. इथे मागचीच दीड इंच जास्त भरली. उजवा खांदा पाऊण इंच खाली.

रेडिमेडमध्ये अशा अंगाची सोय नसते. निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेने भारतीय मापांचा तक्ता बनवायला देशातल्या सहा शहरांत, त्यात मुंबईही, 25,000 लोकांची मापं घ्यायचं काम हाती घेतलं. वयोगट ठरवला 15 ते 65. चांगलंच काम आहे, पण पाठ वाकायला लागते ती साधारण त्याच्या पुढे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आज्या त्या तक्त्याबाहेर.

साडीतलाच ब्लाउजपीस, जेमतेम 80 सेंटिमीटर, त्यात काठ. चुकायला वाव नाही. म्हणून आधी मांजरपाटात धावदोऱ्याने कच्चा ब्लाउज उभा केला. कापडाची घडी मोडून एकेरीच बेतला, डावं वेगळं, उजवं वेगळं. मागे खांद्याला दोन्हीकडे छोटे टक्स दिले, म्हणजे वाकलेल्या पाठीला जागा मिळते आणि गळा वर ओढला जात नाही. उजवा खांदा जेवढा उतरवला तेवढाच त्या बाजूचा मुंढाही, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खाली घेतला, नाहीतर काखेत काचतो. उजवी बाही मात्र तेवढीच आखूड केली, कारण दोन्ही दंडांवर काठ एका रेषेत दिसायला हवा. लोकांची नजर तिथेच जाते. हूक पुढे आणि नेहमीपेक्षा मोठे.

ट्रायलला बाईंनी आरशात पाहिलंच नाही. उजवा हात वर केला आणि फळ्याच्या वरच्या ओळीत तारीख लिहावी तसा हवेत फिरवला. मग डाव्या हाताने पाठीमागे चाचपलं. ब्लाउज जागचा हलला नव्हता.

“वर्गात पाठमोरं उभं राहायचं म्हणजे हे बघावंच लागतं,” म्हणाल्या.

शिलाईवरून मात्र आमचं वाजलंच. “कापड तेवढंच, मग पैसे दीडपट कसले?” एकेरी बेतण्याचा हिशोब मी पुन्हा पुन्हा समजावला, गणिताच्या बाई असूनही त्यांना तो मुळीच पटला नाही. अखेर त्याच पैशात आधीचे तिन्ही ब्लाउज दुरुस्त करून द्यायचे ठरले. त्यातले दोन जमले. तिसऱ्यात टेलरने माया सोडलेलीच नव्हती, तो तसाच परत दिला.