रोमन सेट अपडेट: टोगा झाला, आता पट्टे

मंडळी, ७५ एमएम उंचीच्या छोट्या पुतळ्यांचा (फिगर्सचा) माझा रोमन सेट पुढे सरकलाय. सगळ्यांची पोझ सेम ठेवलीय, कोण कोण आहे ते नुसत्या कपड्यांवरून कळलं पाहिजे, खाली नावाची पाटी वगैरे लावायची नाही.

सिनेटरचा, म्हणजे रोमच्या सिनेट या सभेतल्या सदस्याचा, टोगा उरकला एकदाचा. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातला टोगा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं साधारण अर्धगोल कापलेलं लोकरीचं कापड, पाच-साडेपाच मीटर तरी लांब, त्यामुळे समोर मोठा घोळ पडतो, तो पुट्टीचे पातळ थर चढवत चढवत आणला. रंग पांढराफटक नाही हां, लोकर आहे ती, म्हणून ऑफव्हाईट बेस आणि चुण्यांमध्ये बेज वॉश (पातळ केलेला रंग). खडू चोळून शुभ्र केलेला टोगा निवडणुकीच्या उमेदवाराचा, त्याच्यासाठी वेगळी फिगर राखून ठेवलीय. बुटांच्या पट्ट्यांना रेफरन्स म्हणून फ्लॉरेन्सच्या म्युझियममधला आरिंगातोरेचा, म्हणजे भाषण करणाऱ्या वक्त्याचा, ब्राँझ पुतळा घेतला, पोटरीवर गुंडाळलेल्या पट्ट्या त्यात मस्त दिसतात.

खरी मजा ट्यूनिकच्या, म्हणजे सैल सदऱ्याच्या, जांभळ्या पट्ट्यात आहे. रुंद पट्टा सिनेटरचा, अरुंद इक्वेसचा, म्हणजे त्याच्या खालच्या श्रीमंत वर्गाचा. ऑगस्टसने सिनेटरला १० लाख सेस्टर्सच्या (रोमन नाण्यांच्या) मालमत्तेची अट घातली होती, इक्वेसला ४ लाख लागायचे, तो सगळा फरक माझ्या ब्रशखाली जेमतेम दोन मिलिमीटरचा! शेडसाठी डबीतला जांभळा सरळ बाजूला ठेवला, कारण रोमन लेखक थोरला प्लिनी म्हणतो की उत्तम जांभळा साकळलेल्या रक्तासारखा, वरवर काळपट पण उजेडात धरला की चमकणारा, म्हणून मरूनमध्ये किंचित काळा घालून वर जांभळा ग्लेझ (पारदर्शक पातळ थर) मारला.

गुलाम आणि गरीब नागरिक मात्र मुद्दाम एकाच डबीतून रंगवले, दोघांना तोच मळखाऊ तपकिरी ट्यूनिक. गुलामांना वेगळा पोशाख द्यावा असा प्रस्ताव सिनेटमध्ये आला होता, रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की मग गुलाम आपल्याला, म्हणजे मालकांना, मोजायला लागतील अशी भीती लगेच दिसली. म्हणजे इथे ओळखू न येणं हेच करेक्ट, कोणी विचारलं तर हेच सांगणार. उलट रोमन मालकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक झाला की टोगा घालू शकायचा, ती फिगर अजून प्रायमरवरच आहे.

पुढे इक्वेसची सोन्याची अंगठी, बारीक ठिपका आहे, ट्रिपल झीरो ब्रश लागेल. पट्ट्यावर सॅटिन वार्निश मारू की ग्लॉस? लोकरीवर ग्लॉस प्लॅस्टिकसारखा दिसेल असं वाटतंय, कुणी करून बघितलं असेल तर फोटो टाका.