पडवीचे खांब

आज अख्खा दिवस पडवीच्या चार सागवानी खांबांपाशी गेला. मिरगाला आठवडाच उरलाय, आणि गेल्या पावसात पश्चिमेचा खांब तळाशी काळा पडला होता, ते डोक्यातून जात नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी हौसेनं चकचकीत व्हार्निश मारून घेतलं होतं. पावसाच्या माऱ्यात ते टिकलं नाही. लाकूड ओलीनं फुगतं, उन्हात आकसतं. वरचा थर तडकतो आणि फटीतून शिरलेलं पाणी आतच कोंडतं. आज ते पापुद्रे नखानं निघत होते. सुतारकाका म्हणाले, "ताई, घासा, पण रेषेच्या दिशेनंच." आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० चा. दुपारी दोनच्या सुमारास आतला मधासारखा रंग वर आला आणि मला भरूनच आलं. आजोबांनी उभे केलेले खांब हे.

मग बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन घालून. खांबाचं बूड जांभ्यावर टेकतं तिथे तीनदा पाजलं, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकाकडून. अर्ध्या तासानं वर राहिलेलं तेल पुसून काढलं, नाहीतर चिकट राहतं.

एक मात्र कळकळीनं सांगते: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, फडकी आपोआप पेटू शकतात. आमची अंगणात सुटी पसरून, वर दगड ठेवून वाळत घातलीत.

दुसरा हात परवा. आत्ता पडवीभर तेलाचा वास आहे आणि आई तिथेच पाट टाकून बसलीये.