सप्तमीचं पाणी

मागच्या रविवारी ऐरोलीच्या मित्राबरोबर त्याच्या होडीने उरणच्या मोरा बंदराला निघाले होते. मित्र दिवा गावचा कोळी, लहानपणापासून ठाण्याच्या खाडीत वाढलेला. ऐरोली आणि वाशी पुलांमधला पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. रोहित पक्षी बघत बघत वाशीचा पूल मागे टाकला. नेरूळ गेलं आणि इंजिन घरघरून बंद पडलं. पंख्यात काहीतरी अडकलं होतं. एका मासेवाल्या होडीने दोर टाकून आम्हाला बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या धक्क्याला आणून सोडलं.

मी बेलापूरला वीस वर्षं राहते. दिवाळ्याला कोळंबी घ्यायला कितीदा गेलेय, पण नेहमी रस्त्याने. पाण्यातून बघितल्यावर कळलं, या गावाचं तोंड खाडीकडे आहे.

मित्र लगेच पाण्यात उतरायला निघाला. धक्क्यावर जाळं शिवत बसलेल्या तात्यांनी अडवलं. "तिथी कंची?"

"सप्तमी."

"मग सातची पाऊणपट कर. सव्वापाचला भरती झाली. आता साडेअकरापर्यंत पानी उतरतंय. होडी बसू दे, मग हात घाल."

अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराला, मग रोज पाऊण तास पुढे. एवढं सोपं गणित, आणि मी इतकी वर्षं मोबाईलमध्ये बघत होते!

तासाभरात होडी चिखलात टेकली. पाणी सरकलं तशा निवट्या, चिखलात राहणारे छोटे मासे, बाहेर आल्या, परांवर रेलून टुणटुण उड्या मारत. एक माझ्या चपलेपासून वीतभरावर थांबली, डोळे मिटून उघडले आणि बिळात गेली. पंख्याला गुंडाळलेला निळा नायलॉनचा दोर वितळून दगडासारखा झाला होता. तात्या आणि मित्र आळीपाळीने कोयतीने एकेक पदर कापत होते. कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्याचाच तुकडा. तात्यांनी तो पाण्यात न टाकता घडी घालून बाजूला ठेवला. मला फार बरं वाटलं.

तात्यांच्या घरून चहा आला, वर बोंबलाचं सुकं आणि भाकरी. मावशी म्हणाल्या, "पानी यायला येल हाय, खा गं पोरी."

दीडला होडी हलली. मोरा राहिलंच. दोर सोडताना तात्या म्हणाले, "पुनवेला या. उधाणाचं पानी दाखवतो."

पौर्णिमा पुढच्या सोमवारी आहे. मी रजा टाकली आहे.